म्हसोबाचा शेजारी

सकाळी सहाला बागेतल्या हवामानाच्या यंत्राचा संदेश येऊन सहादेवचा मोबाईल थरथरला. ‘पान ओलं. डावणीचा धोका जास्त.’ सलग चौथा दिवस. सहादेवनं द्राक्षबागेत जाऊन वेलीची पानं चोळून पाहिली. कोरडी ठणठणीत. आभाळ निरभ्र. शेजारी गहिनीनाथच्या बागेतलं यंत्र मात्र कोरडंच सांगत होतं.

“तुज्याच बागंत पहाटंचं कोन रडून जातं का रं?” गहिनीनाथनं विचारलं. सहादेव हसला; पण घरी जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं, हे गहिनीनाथनं मोजलं.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. घड फुलोऱ्यात होते. डावणीची बुरशी शिरली तर घड जाणार, आणि तिच्या भीतीनं उगाच औषध मारलं तर फुलोरा गळणार. यंत्राचं ऐकून दोन फवारण्या झाल्या होत्या. वेलींखाली गळ दिसू लागली होती.

पाचव्या पहाटे तो वेलींच्या आड दबा धरून बसला. अनवाणी पावलं आली. पाणी ओतल्याचा आवाज. मग कुणीतरी हळूच म्हणालं, “गार लागलं का रं बाळा?”

आवाज ओळखीचा निघाला, म्हणून तो पळाला नाही.

यंत्राचा खांब बांधावरच्या म्हसोबाशेजारी रोवलेला. सहादेवची आई गोजरबाई आधी म्हसोबाला आंघोळ घाली, मग खांबाला. वर ओल मोजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पानाला ओल्या हळदीचा लेप.

“आई, त्याला कशापायी?”

“एकाला न्हाऊ घालायचं आन् शेजारच्याला पारोसं ठेवायचं? बरं दिसतं का?”

बजावल्यावर आंघोळ बंद झाली. मोबाईल रोज ‘पान कोरडं’ सांगू लागला. सहादेवनं फवारणीचा पंप धुऊन ठेवला; बागेत जायचीही गरज उरली नाही. मग धुकं पडलं, ते तीन दिवस हटेना. गहिनीनाथ फवारत सुटला. सहादेव त्याला मोबाईल दाखवी: कोरडं.

चौथ्या सकाळी मात्र राहवेना, म्हणून तो बागेत गेला. धुक्यात म्हसोबाजवळ कुणीतरी उभं होतं. डोक्यावरून घोंगडी, आत तोंड नाही. तीन हाका मारल्या; ओ नाही. शेवटी जीव मुठीत धरून त्यानं घोंगडी ओढली. आत यंत्र, अगदी कोरडं. हाताशी आलेलं वेलीचं पान उलटलं, तर पाठीवर पांढरी बुरशी.

“आंगूळ तू बंद केलीस,” मागून गोजरबाई म्हणाली, “धुक्यात कुडकुडू तरी नको म्हनून पांघरलं.”

“आन् म्हसोबाला?”

“त्याला सवय हाय.”

म्हसोबाच्या दगडावरून दव ओघळत होतं.

अर्धी बाग गेली. आता आईनं तांब्या उचलायच्या आत सहादेव रोज म्हसोबावर हात फिरवतो; ओला लागला की पंप काढतो. गोजरबाई गावभर सांगते, पोरगं देवाला लागलं.