टिपणीस गाडी थांबवतात

टिपणिसांच्या घरी जेवायला गेलात, तर ते आधी तुमच्या टायरकडे बघतात. गुडघ्यावर बसून खाचेत दोन युरोचं नाणं घालतात. त्याची रुपेरी कड पूर्ण बुडाली तरच म्हणतात, "या."

जर्मनीत कार्ल्सरूहेच्या आमच्या केमिकल डेपोत ज्वलनशील माल नेणाऱ्या टँकरची सुरक्षा त्यांच्याकडे आहे. नोव्हेंबर लागला की या माणसाला चेव येतो. रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर धरला की असा माल नेणाऱ्याने जवळच्या पार्किंगला गाडी लावायची, हा इथला नियम. टिपणिसांनी तो देव्हाऱ्यातच बसवलाय. "थांबणं हेही ड्रायव्हिंगच आहे, गेनाऊ? बरोबर ना?" हे ते ड्रायव्हरला सांगतात, मला सांगतात आणि एकदा सायकलवरच्या पोस्टमनलाही त्यांनी ऐकवलं होतं. घरात लाल तिखटाच्या बरणीवर ज्वालेचं लेबल आहे.

ड्रायव्हर वैतागतात. पण त्यांनी थांबवलेला शेवटचा ड्रायव्हर पुन्हा निघेपर्यंत टिपणीस फोनपाशी बसून राहतात, जेवतही नाहीत. "अहो, तो माझ्या सांगण्यावरून उपाशी बसलाय," म्हणतात.

बायको गेल्यापासून दर संक्रांतीला त्यांची मुलगी मुक्ता रेगेन्सबर्गहून गाडीने निघते आणि बर्फ दिसला की हेच तिला परत पाठवतात. यंदा तरी ती यावी म्हणून त्यांनी आठवडाभर हवामान बघितलं, स्वतः गुळपोळ्या लाटल्या. मी ऑफिसमधून थेट त्यांच्याकडे गेलो. टायर पास झाले.

दुपारी बारीक पाऊस सुरू झाला आणि पडता पडता गोठायला लागला. टिपणीस खिडकीशी गेले, परत आले आणि त्यांनी मुक्ताला फोन लावला. "पुढच्या पार्किंगला थांब. रस्ता मोकळा झाला की मागे फीर, इकडे रात्रभर गोठणार आहे."

"अहो, तासाभराचा तर रस्ता राहिलाय," मी म्हणालो. "तिच्या गाडीत कुठे केमिकल आहे?"

"ती आहे ना."

दहा मिनिटांनी स्पीकरवर आवाज आला, "पापा, इश श्टेहे." म्हणजे तिची गाडी उभी होती. टिपणिसांनी डोळे मिटले. "शाबास," म्हणाले. "काही खाल्लंस?"

"नाइन. काही नाही."

त्यांनी आपलं ताट झाकून ठेवलं आणि खुर्ची फोनजवळ ओढली. मला भरून आलं. मी निघायला उठलो, तर त्यांनी टेबलावरची माझी किल्ली उचलून खिशात घातली.

"तुम्हीही थांबा. रस्ता वाईट आहे."

माझं घर दोन गल्ल्या पलीकडे. चालत सहज गेलो असतो, आणि हे त्यांनाही माहीत होतं. मी माझंही ताट झाकलं आणि त्यांच्याजवळ बसलो.