कुरामोचीचा बेडूक आणि बत्तीस शिक्के

नोकरी सोडली त्या दिवशी कुरामोचीने छाती फुगवून बायकोला सांगितलं होतं, "चिनात्सु, यापुढे ना साहेब, ना मिटिंगा, ना कागदांवर शिक्के! मी आता स्वतंत्र!"

नोकरी होती ओसाकाच्या एका बड्या व्हिडिओ गेम कंपनीत. ऐकणाऱ्याला वाटायचं, वा, काय भाग्य! पण अकरा वर्षं हा गृहस्थ तिथे फक्त दारं बनवत होता. किल्ल्याची दारं, गुहेची दारं, अंतराळयानाची दारं. बाकीचे राक्षस बनवायचे, राजकन्या बनवायचे. याचं दार उघडलं आणि नीट लागलं की याचं काम संपलं! शेवटी कंटाळून तो ओगाकीला आला, मिझुसावा आळीत कालव्याकाठी भाड्याचं घर घेतलं आणि एकट्याने स्वतःचा गेम करायला बसला. त्याला आता सहा वर्षं झाली.

गेम तसा गोड होता. नदीच्या अलीकडे गरम पाण्याचा झरा, पलीकडे थंड पाण्याचा. दोन्ही काठांवरच्या हौदांत पाणी नीट मिसळलं तरच बेडूकदेव आंघोळीला येणार. त्यासाठी चाळीस गावकऱ्यांनी, वीस इकडून आणि वीस तिकडून, अरुंद पुलावरून बादल्या न्यायच्या. कुरामोचीने आपल्या गावकऱ्यांना उत्तम वळण लावलं होतं. समोरून कुणी आलं, की थांबून आधी त्याला वाट द्यायची!

झालं काय, की चाळीसही जण पुलाच्या मधोमध एकमेकांना वाट देत उभे राहिले. तीन आठवडे उभेच होते. त्यांचे संस्कार काढून टाकावेत, तर त्यांनी पहिल्या मिनिटाला सात म्हाताऱ्यांना नदीत ढकललं. ते काही कुरामोचीला बघवेना.

आणि सोमवारी दुपारी बाराच्या आत गेम क्योतोच्या प्रदर्शनाला पाठवायचा होता. यंदा निवड झाली नाही, तर पुन्हा नोकरी धरायची, असा शब्द त्याने चिनात्सुला दिला होता. जुन्या कंपनीनेही मोठ्या मनाने कळवलं होतं, की जागा रिकामी आहे. दारांच्या विभागात.

"मेलो तरी दार बनवणार नाही!" असं म्हणून तो पुन्हा खुर्चीवर बसला.

आता मिझुसावा आळीतलं चिमट्याचं पॅड. शेजार-मंडळाची सूचना या पॅडला लावून घरोघर फिरते. वाचायची, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. कुरामोची 'वाचायची' ही पायरी गाळून थेट शिक्का मारायचा. गुरुवारी चिनात्सु दवाखान्यात कामाला निघताना दारातूनच ओरडली, "अरे, तीन दिवस पॅड आपल्याकडेच लोळतंय! मात्सुनामी आजींनी दोनदा विचारलं!"

"देतो, देतो!" पडद्यावरची नजर न हलवता त्याने टेबलावरचा कागद ओढला, पॅडला लावला, शिक्का हाणला आणि शेजारी मात्सुनामी आजींच्या दाराशी ठेवून आला.

शनिवारी सकाळी चहाचा पेला उचलला, तर खाली मंडळाची खरी सूचना! 'रविवारी कालव्याची साफसफाई.' मग पॅडला काय गेलं?

पॅडला गेला होता गेममधला कागद. गावच्या मुखियाचं फर्मान, मोठ्या हौसेने अगदी सरकारी भाषेत लिहिलेलं: 'रविवारी सकाळी सहा वाजता सर्वांनी पुलाजवळ जमावे. निम्म्यांनी अलीकडे, निम्म्यांनी पलीकडे. प्रत्येकाने भरलेली बादली आणावी. बेडूक येताच तीन वेळा वाकून नमस्कार करावा. नंतर बादली समोरच्या काठावर पोचवावी. कोणी पाण्यात पडल्यास पुन्हा पहिल्यापासून.'

कुरामोची चपला उलट्यासुलट्या घालून धावला. एरवी पंधरा दिवस रेंगाळणारं पॅड या वेळी वाऱ्यासारखं पळालं होतं! ज्या दारात जावं तिथे, "आत्ताच पुढे दिलं." वर शंका वेगळ्याच. "बादली प्लास्टिकची चालेल ना?" "आमच्या यांचे गुडघे दुखतात, अर्धवट वाकले तर बेडूक रागावेल का?"

पॅड सापडलं ते थेट मंडळाचे अध्यक्ष निशिदे-सान यांच्या मांडीवर.

"निशिदे-सान, माफ करा! हा कागद चुकून गेलाय!"

निशिदे-साननी चष्मा सावरला. "चुकून? कुरामोची-सान, यावर बत्तीस शिक्के आहेत. बत्तीस शिक्क्यांचा कागद चुकीचा कसा असेल?"

"पण बेडूक…"

"त्याची सोय झाली. बालवाडीच्या नाटकात मास्तर घालतात तो बेडकाचा पोशाख आणलाय. आत शिरणार तुम्ही."

"मी?"

"असली कामं आळीतल्या सगळ्यात नव्या माणसाकडे असतात. तुम्हाला येऊन सहाच तर वर्षं झाली!"

रविवारी सकाळी सहाला कालव्यावर बघावं, तर सगळी आळी हजर! साफसफाईला कधी बाराच्या वर डोकी जमत नाहीत, आज साठ होती. तीस इकडे, तीस तिकडे, हातात भरलेल्या बादल्या. हिरव्या पोशाखात घामाघूम झालेला कुरामोची मनाशी म्हणत होता, लवकर आटपू दे, मला घरी जाऊन पूल दुरुस्त करायचाय.

बेडूक आला. साठ माणसं तीनदा वाकली. आता समोर इतके लोक वाकल्यावर बेडकालाही राहवेना. तोही वाकला. बेडूक वाकला म्हणून लोक पुन्हा वाकले. हे पाच मिनिटं चाललं, शेवटी निशिदे-साननी शिट्टी फुंकली.

मंडळी पुलावर निघाली आणि मधोमध थांबली.

"आधी तुम्ही."

"छे, छे! आधी तुम्ही!"

"अहो, तुम्ही वयाने मोठे!"

"तुमची बादली जड दिसतेय!"

बेडकाच्या तोंडातून कुरामोची डोळे फाडून बघत होता. हा तर त्याचाच गेम! तेच वाट देणं, तीच कोंडी! गेले तीन आठवडे तो स्वतःला गाढव म्हणत होता, आणि त्याने तर आळीचं चित्र अगदी हुबेहूब उतरवलं होतं. त्याला हसावं की रडावं कळेना, पण तो जागचा हलला नाही. ही कोंडी कशी सुटते ते बघितल्याशिवाय इथून जायचंच नाही, असं त्याने ठरवलं.

तेवढ्यात गर्दीतून चौऱ्याऐंशी वर्षांच्या मात्सुनामी आजींचा आवाज आला. "अरे, माझ्या शेगडीवर राजमा आहे! काय खोळंबा लावलाय?" त्या मध्यापर्यंत आल्या, आपली बादली समोरच्या तांदूळवाल्याच्या हातात कोंबली, त्याची आपण घेतली आणि वळून चालू लागल्या.

"आजी, ओलांडायचं ना?" निशिदे-सान ओरडले.

"कागदात माणसाने जावं असं कुठे लिहिलंय? बादली पोचवावी, एवढंच आहे. तुम्ही वाचता की नुसते शिक्के मारता?"

मग एकेकाने समोरच्याशी बादली बदलली, त्याला नमस्कार केला आणि तो मागे फिरला. दोन मिनिटांत पूल मोकळा!

"जमलं!" कुरामोची इतक्या जोरात ओरडला आणि उडाला, की पाय घसरून बेडूक थेट कालव्यात. पाणी गुडघाभरच होतं, पण कापसाचा पोशाख भिजून वर येईना. चौघांनी ओढून काढलं.

निशिदे-साननी शांतपणे कागद वाचला. "कोणी पाण्यात पडल्यास पुन्हा पहिल्यापासून. चला मंडळी, आपापल्या काठाला!"

आणि साठही माणसं एका शब्दानेही न कुरकुरता आपापल्या काठाला जाऊन उभी राहिली! आजी तेवढ्या पुटपुटल्या, "राजमा करपला."

घरी येऊन कुरामोची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खुर्चीवरून उठला नाही. गावकऱ्यांचे संस्कार त्याने तसेच ठेवले, फक्त बादल्या बदलायला शिकवलं. बाराला अकरा मिनिटं असताना गेम क्योतोला गेला, आणि महिन्याने उत्तर आलं. निवड झाली! चिनात्सु चक्क रडली. कुरामोची म्हणाला, "सांगितलं होतं ना? साहेब नाही, मिटिंग नाही. स्वतंत्र माणूस!"

त्याच संध्याकाळी निशिदे-सान मिठाईचा खोका घेऊन दारात हजर. "अभिनंदन, अध्यक्ष!"

"कोण अध्यक्ष?"

"तुम्ही. पुढच्या वर्षीचे. साठ माणसं गोळा करणारा माणूस आळीत आजवर झाला नाही. दर महिन्याला दोन मिटिंगा, सगळ्या सूचना तुमच्या हातून. मंगळवारच्या पॅडवर होतं की, 'हरकत असल्यास कळवावे.'"

"माझी हरकत आहे! मला कुणी विचारलंच नाही!"

निशिदे-साननी पॅड पुढे केलं. कागदावर बत्तीस शिक्के होते. पहिलाच कुरामोचीचा होता, जरासा तिरका, आणि त्याच्याभोवती चहाच्या पेल्याचा गोल डाग होता.