ब्रिन्गॅरेगचा शेवटचा गोल

इतिहास लिहिणाऱ्यानं आपले हेवेदावे चिखलाच्या बुटांसारखे दाराबाहेर काढून ठेवावेत, असं इद्वल प्रिचर्डचं ठाम मत होतं. हे मत त्यानं बायकोला ऐकवलं, तेव्हा ‘ब्रिन्गॅरेग फुटबॉल क्लबचा इतिहास’ या ग्रंथाचं पहिलं वाक्य लिहून झालं होतं: ‘तो गोल हेफिननं केलेला नाही.’

क्लब बंद पडून चाळीस वर्षं झाली होती. मैदानावर आता मेंढ्या चरत, आणि खरं सांगायचं तर क्लबपेक्षा त्या जास्त शिस्तीत हलत. शेवटचा सामना क्लब सात-एक असा हरला. त्यातले सात कुणालाच आठवत नव्हते. गावाला आठवत होता तो एक! त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की स्वतःचे बूट दिसायला वाकावं लागे. गोलापुढे झुंबड उडाली, बॉल जाळ्यात गेला आणि इद्वल व हेफिन दोघंही एकदमच ओरडले, “माझा!”

पण हेफिन पडला पोस्टमन. तीस वर्षं त्यानं दारोदार पत्रांबरोबर तो गोलही वाटला. इद्वल शाळेत भूगोल शिकवायचा. त्याचं ऐकून घ्यायला फक्त मुलं होती, आणि तीही नाइलाजानं.

आता पंचायतीनं मैदानाच्या कडेला एक बाक बसवायचं ठरवलं होतं. त्यावर पितळी पाटी, पाटीवर शेवटचा गोल करणाऱ्याचं नाव. पंचायतीची अध्यक्ष होती इद्वलची स्वतःची बायको, आयर्लिस!

“नवऱ्याचं नाव घालायला तुला एवढं जड का जातंय?” इद्वलनं विचारलं.

“कारण गाव म्हणतं, गोल हेफिनचा.”

“गावाला धुक्यात काय दिसलं?”

“मग तुला तरी काय दिसलं?”

त्यात भर म्हणून प्रार्थनेनंतरच्या चहाला आयर्लिस हेफिनच्या बशीत केकचा जाड तुकडा ठेवायची आणि इद्वलच्या बशीत असा, की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं! “तो एकटा राहतो रे,” असं ती वर म्हणायची. एकटा राहतो म्हणून काय गोलही त्याचेच?

मग इद्वलला ती नामी युक्ती सुचली. बॉल कुणी मारला, हे ज्याच्या जाळ्यात मारला त्याच्याइतकं कोण जाणणार? पलीकडच्या खोऱ्यातल्या संघाचा गोलकीपर बर्विन अजून हयात होता. इद्वलनं त्याला गाडीत घातलं आणि प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत सगळ्या गावासमोर आणून बसवलं. हेफिन पहिल्या रांगेत. मांडीवर बशी. बशीत जाड तुकडा.

“बर्विन, न घाबरता सांगा,” इद्वल वकिली सुरात म्हणाला. “त्या दिवशी तुमच्या जाळ्यात बॉल कुणी मारला?”

“माझ्या?” बर्विननं कानाचं यंत्र नीट केलं. “माझ्या जाळ्यात धुक्याखेरीज काहीच आलं नाही.”

“अहो, तो एक गोल! उत्तरार्धातला! उताराकडच्या टोकाला!”

“उताराकडे तर तुमचाच गोलकीपर होता की! मी वरच्या टोकाला उभा राहून गारठलो होतो.”

खोलीत चहाचे घोट अडकले.

त्याचं असं होतं. ब्रिन्गॅरेगचं मैदान छपरासारखं उतरतं. घरचा संघ पूर्वार्ध चढाकडे खेळायचा आणि उत्तरार्ध उताराकडे. पिढ्यानपिढ्या! पण त्या दिवशी नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली आणि सगळं उलटं झालं. डोक्यांना ते कळलं होतं, पायांना कोण सांगणार? उत्तरार्ध, वर धुकं. बॉल दिसताच दहा जोड्या पाय सवयीनं उताराकडे सुटले.

“आम्ही घरी गेलो ते आठ-शून्य म्हणूनच,” बर्विन म्हणाला. “तुम्ही नाचत का होतात, ते आम्हाला कळेना. वाटलं, चांगली माणसं आहेत.”

“आणि आपला गोलकीपर?” कुणीतरी पुटपुटलं.

“तो त्याच आठवड्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला, पॅटागोनियाला गेला ना,” आयर्लिस म्हणाली. “आपण म्हणत होतो, नोकरीसाठी गेला.”

सगळ्यांच्या माना हळूहळू इद्वल आणि हेफिनकडे वळल्या.

“हेफिन, गड्या,” इद्वल घाईनं म्हणाला, “मी उगाच हट्ट धरला. गोल तुझाच!”

“छे, छे! तुझा बूट मी या डोळ्यांनी पाहिला!”

“धुक्यात?”

“एवढा मोठा बूट धुक्यातही दिसतो!”

थोडा वेळ असंच चाललं. मग हेफिन एकाएकी उठला. बशी खाली ठेवली, टोपी काढली. “नको ते भांडण,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “बॉलला माझंच डोकं लागलं होतं. गावानं मला क्षमा करावी.”

खोली विरघळली! म्हाताऱ्या बायकांनी रुमाल काढले. कुणी म्हणालं, “याला म्हणतात मन!” बर्विननंही उठून त्याचा हात हातात घेतला. आयर्लिसनं डोळे पुसले आणि केकचा उरलेला अख्खा अर्धा भाग उचलून हेफिनच्या बशीत ठेवला. हेफिनकडे तिनं इतक्या ओल्या नजरेनं पाहिलं, तितक्या ओल्या नजरेनं इद्वलकडे लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

इद्वलनं आधी त्या केककडे पाहिलं, मग बायकोच्या डोळ्यांकडे. तो ताडकन खुर्चीवर चढला.

“खोटं बोलतोय हा!” तो गरजला. “तो गोल माझा होता! आपल्याच जाळ्यात मी मारला, मी!”

“माझं डोकं!”

“माझा डावा पाय!”

पंचायतीच्या पुढच्या तीन बैठका यातच गेल्या. अखेर पाटी कोरी ठेवायचं ठरलं. मैदानावरच्या मेंढ्यांच्या मालकानं बाकाला नकार दिला, म्हणून ते बसथांब्यावर ठेवलं. त्या रस्त्यानं बस यायची केव्हाच बंद झाली आहे.