एकशे अडतीस चिठ्ठ्यांचं इंग्रजी

इंग्रजी शिकायचं मी ठरवलं ते काही प्रगतीबिगतीसाठी नव्हे. माझी प्रगती वरिष्ठ लिपिक या पदावर येऊन बसली आहे आणि तिथं ती सुखात आहे. मी इंग्रजी शिकायला घेतलं ते माझ्या लेकीच्या एका वाक्यामुळं.

राजनंदिनी तिसरीत आहे. इंग्रजी माध्यम. (माध्यम आम्ही निवडलं, आणि शाळेकडून आलेली सूचना वाचायला आम्ही तिलाच हाक मारतो.) मागच्या पालकसभेच्या दिवशी बायकोला बरं नव्हतं, म्हणून मी गेलो. वर्गशिक्षिका इंग्रजीत बोलू लागल्या. आता बावीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलोय, की साहेब काय म्हणतात ते कळलं नाही तर मान हलवून 'येस' म्हणायचं. मॅडमनी विचारलं, मुलगी घरी फार टीव्ही बघते का? येस. तुम्ही ओरडता का? येस. मारता? येस, येस. रोज? यावर मी इतकं गोड हसून 'येस' म्हणालो की मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. (प्रश्न काय होते ते मला घरी येताना लेकीनं सांगितलं.) दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या समुपदेशक बाईंचा सत्यभामेला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन आला आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही स्वतः सुरक्षित आहात ना?"

त्या संध्याकाळी राजनंदिनी म्हणाली, "पप्पा, पुढच्या मीटिंगला तुम्ही नका येऊ. आले तरी गेटच्या बाहेर थांबा."

लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. शाळेच्या गेटवर बाकीची मुलं 'माय डॅड, माय डॅड' करत बापाला मैत्रिणींपुढं ओढून आणतात. आपल्या लेकीनंही एकदा आपल्याकडं असं बोट दाखवावं, एवढीच माझी इच्छा होती. पुढची सभा महिन्याभरानं शनिवारी अकरा वाजता होती. तेवढ्या दिवसांत निदान तीन वाक्यं तरी धड बोलायची, असा मी निश्चय केला.

आमच्या खालच्या मजल्यावर निजामुद्दीनभाई राहतात. त्यांची मुलगी अदीबा बी.एड. आहे आणि घरीच इंग्रजी शिकवते. मी वही घेऊन तिच्याकडं गेलो. पोरगी गुणी. ती म्हणाली, "अंकल, एकदम वाक्याच्या मागं लागू नका. आधी शब्द ओळखा. जी वस्तू आहे ती नाऊन, जे काम होतं ते व्हर्ब. घरातल्या दहा वस्तूंना चिठ्ठ्या लावा आणि येता-जाता वाचा. इतकंच."

इतकंच! सरकारी माणसाला चिठ्ठ्या लावायला सांगणं म्हणजे काय, याची त्या बिचारीला कल्पना नव्हती. आमच्या कार्यालयात जडसंग्रह नोंदवही नावाचा प्रकार असतो. खुर्ची असो, टेबल असो, की तीन पायांवर उभं असलेलं कपाट असो, प्रत्येक वस्तूला नंबर आणि प्रत्येक नंबराची वहीत नोंद. हे काम मी बावीस वर्षं केलंय. हात शिवशिवले. मी (कार्यालयातूनच) डिंक आणला, रंगीत कागद आणले, एक कोरी नोंदवही आणली आणि रविवारी सकाळी कामाला लागलो. नाऊनला निळी चिठ्ठी. व्हर्बचं जरा अडलं, कारण क्रिया काही भिंतीला टेकून उभी नसते. मग मी तोडगा काढला. जी वस्तू काम करते तिला लाल चिठ्ठी. मिक्सर लाल, शिलाई मशीन लाल, गॅसची शेगडी लाल. सोफा, टीव्ही, पलंग, कपाट निळे. प्रत्येक चिठ्ठीवर इंग्रजी नाव, खाली नंबर, कोपऱ्यात माझी सही. संध्याकाळपर्यंत एकशे छत्तीस नोंदी झाल्या.

"आणि मी?" सत्यभामेनं विचारलं.

मी तिला लाल चिठ्ठी दिली. एकशे सदतीस.

"आणि तुम्ही?"

"निळी."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "एकदा ठेवलं की तिथंच."

(मी या शेऱ्याची नोंद घेतली नाही. वहीत तसा रकानाच नव्हता.)

खरी गोष्ट इथून सुरू होते. सभेच्या आदल्या गुरुवारी राजनंदिनीनं आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंचं नाव सारजाबाई, राहणार तालुका सोयगाव, स्वभाव कडक. पोरीनं फोन घरभर फिरवला. "आजी बघ, पप्पांनी सगळ्या सामानाला नंबर टाकले!"

"दोन रंगाच्या चिठ्ठ्या कामून गं?" पलीकडून आवाज आला. "तुझ्या मम्मीला कोन्ता रंग दिला?"

"लाल. मिक्सर पण लाल."

"आन पप्पाला?"

"निळा. टीव्ही निळा, सोफा निळा, फ्रिज निळा."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. एरवी निरोप घ्यायलाच त्यांना अर्धा तास लागतो. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती, पण मी वहीत समास आखत होतो.

शनिवार उजाडला. साडेनऊला मी आंघोळीला गेलो. तीन वाक्यं तयार होती. माय नेम इज सोमनाथ. आय लव्ह माय डॉटर. आय डू नॉट बीट हर. नळ मोठा सोडून मी ती मोठमोठ्यानं घोकत होतो. बाहेर काहीतरी सरकवल्याचा, घासल्याचा आवाज येत होता, पण मला वाटलं वरच्या मजल्यावर फरशीचं काम निघालं असावं. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर हॉलमध्ये सोफा नव्हता. टीव्ही नव्हता. ज्या कपाटात माझे कपडे होते ते कपाटही नव्हतं. उरलेल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर सारजाबाई बसल्या होत्या आणि माझा मेहुणा विश्वजीत भिंतीवरचं घड्याळ उतरवत होता.

"दाजी, जरा बाजूला व्हा. घड्याळ बी यादीत हाय."

यादी! लग्न ठरताना दोन्हीकडच्या पाच माणसांसमोर लिहिलेली, मुलीला काय-काय द्यायचं त्याची यादी. ती सासूबाईंनी चौदा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. आमच्या भागात लेकीला सासरी नांदवायचं नाही असं ठरलं, की माहेरचे टेम्पो घेऊन येतात आणि त्या यादीवर खुणा करत सामान घेऊन जातात. खाली गल्लीत टेम्पो उभा होता. तो पहाटेच सोयगावहून निघाला होता.

"जावई, आमी काय मेलो नव्हतो," सासूबाई म्हणाल्या. "लेक नकोशी झाली तर तोंडानं सांगायचं. अशा चिठ्ठ्या चिटकवून वाटण्या करायच्या व्हय? आन वाटणी बी कशी, तर गादी-सोफा तुमाला आन शेगडी माझ्या लेकीला!"

"अहो आई, वाटणी नाही, ते इंग्रजी आहे!"

"व्हय, फारकतीला कोर्टात इंग्रजीच लागतं. मला नका शिकवू."

मी सत्यभामेकडं पाहिलं. "तू सांग ना यांना!"

"मघापासून तेच सांगतेय. आई म्हणते, लेकी नवऱ्याचं असंच झाकत असतात."

"मग सामान का जाऊ दिलंस?"

"सोफ्यामागं दिवाळीपासून झाडायचं राहिलंय. म्हटलं, निघतोय तर निघू द्या."

मी टॉवेल सावरत घरभर फिरलो. यादीप्रमाणं सगळं गेलं होतं. माझं म्हणून काय उरलं? प्लास्टिकची खुर्ची, एक बादली, दिनदर्शिका आणि ती नोंदवही (तीही कार्यालयाची). 'आम्ही लग्नात एका शब्दानं काही मागितलं नाही' असं मी चौदा वर्षं छाती पुढं काढून सांगत आलोय. ते खरंच आहे. आम्ही मागितलं नाही, त्यांनी दिलं, आणि आम्ही नको म्हणालो नाही. त्या रिकाम्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली.

तेवढ्यात जिन्यातून निजामुद्दीनभाईंचा आवाज आला, "क्या जी सोमनाथभाऊ, घर खाली कर रै क्या?" त्यांच्या मागून अदीबा आली. मी टॉवेलसकट दाराआड गेलो आणि तिथून तिला हाका मारल्या. तिनं शांतपणे सासूबाईंना समजावलं, की ही वाटणी नाही, अंकल इंग्रजी शिकतायत, चिठ्ठ्या मीच सांगितल्या होत्या. मग तिनं नोंदवही उघडली आणि ती दाराकडं बघून म्हणाली, "अंकल, मी दहा म्हणाले होते."

सासूबाईंनी यादीची घडी घातली. "म्हंजे हे समदं इंग्रजी बोलायसाठी?"

"हो आजी."

"त्याला चिठ्ठ्या कशाला लागत्यात? तोंड नाय का?"

इतक्यात राजनंदिनी गणवेश घालून रडवेली होऊन आली. "मम्मी, पावणेअकरा वाजले!"

माझी पॅन्ट कपाटात, कपाट टेम्पोत, टेम्पोत कपाटावर पलंग आणि पलंगावर गाद्या. स्कूटरची चावी त्याच कपाटात. गॅलरीच्या दोरीवर एक बर्मुडा आणि खताची जाहिरात असलेला टी-शर्ट वाळत होता. मी ते दोन्ही चढवले. विश्वजीत म्हणाला, "चला दाजी, टेम्पोनंच सोडतो." सत्यभामेनं मात्र यायला साफ नकार दिला. घर इतकं रिकामं परत कधी मिळणार, असं म्हणून तिनं झाडू उचलला. केबिनमध्ये सासूबाई आणि राजनंदिनी बसल्या. मी मागं, फ्रिज हलू नये म्हणून त्याला मिठी मारून. अख्ख्या टीव्ही सेंटर चौकानं मला तसं पाहिलं.

शाळेत सासूबाईही आत आल्या. नातीची शाळा बघायची होती. मॅडमनी माझ्या बर्मुड्याकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं, आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. माझ्या तीन वाक्यांपैकी एकही त्याचं उत्तर नव्हतं. मी आधी नाऊन शोधू लागलो. नाऊन सापडलं, तोवर व्हर्ब निसटलं. 'येस' जिभेवर आलं होतं, ते मी दातांनी अडवून धरलं. मॅडम पुन्हा हातातलं पेन खाली ठेवू लागल्या. राजनंदिनी जमिनीकडं बघत होती.

तेव्हा सारजाबाईंनी पदर खोचला.

"गुड मॉर्निंग मॅडम! आय ग्रँडमदर. हाऊ यू? दिस गर्ल व्हेरी गुड, व्हेरी क्लेव्हर. फादर ऑल्सो गुड. नो बीटिंग! ओन्ली स्टिकर. टू मच स्टिकर. एनी प्रॉब्लेम, यू टेल मी, आय टेल हिम. ओके?"

मॅडम हसल्या, खुर्ची पुढं ओढून बसल्या आणि विचारू लागल्या, हे कुठं शिकलात. "केव्ह, मॅडम. अजंता. थर्टी इयर सेलिंग बीड्स. यू कम, ब्रिंग हजबंड!" मग दोघी वीस मिनिटं बोलल्या. गणित कच्चं आहे, डबा अर्धा परत येतो, अक्षर सुधारायला हवं, सगळं बोलणं झालं. लेण्यांच्या पायथ्याशी माळा विकणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं कोण असतात, हा विचार मी चौदा वर्षांत एकदाही केला नव्हता. त्यांचं एकही वाक्य अदीबानं पास केलं नसतं. माझी तिन्ही वाक्यं शंभर टक्के शुद्ध होती आणि पोटात होती.

सभा संपली. गेटवर राजनंदिनीनं आजीचा हात धरून तिला मैत्रिणींपुढं ओढत नेलं. "दिस इज माय आजी! शी नोज सो मच इंग्लिश!" मी टेम्पोमागं फ्रिजची सैल झालेली दोरी आवळत होतो. आता माझी पाळी येईल म्हणून एक कान तिकडं लावला होता. एका मैत्रिणीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "अँड हू इज दॅट?"

राजनंदिनीनं माझ्याकडं पाहिलं. बर्मुडा पाहिला, खताची जाहिरात पाहिली, हातातली दोरी पाहिली.

"ही केम विथ द टेम्पो," ती म्हणाली.

कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, कुठंही बोट ठेवायला जागा नाही. आणि कुणी न समजावता मला कळलेलं हे आयुष्यातलं पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य.