बैलाचं वर्तुळ करताना घ्यायची काळजी

जगातला कुठलाही बदल सुबक व्हायचा असेल, तर जे बदलायचं ते आधीच थोडं थोडं कमी करून ठेवावं लागतं. लोगोच्या धंद्यात याला तयारी म्हणतात.

वडीगोद्रीला हायवेलगत बियाण्यांचं एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर साठेक वर्षं एक बैल उभा होता. प्रेमबाई लग्न होऊन आल्या, त्या दिवाळीत त्यांनी दुकानाच्या भिंतीवर गेरूने मांडणा, म्हणजे मारवाडी रांगोळी, काढला, त्यातला हा बैल. पेंटरने तो तसाच पाटीवर उतरवला. आता दुकान नातवाकडे, म्हणजे रजतकडे आलं, आणि रजतला बैलाऐवजी वर्तुळ हवं होतं. (वर्तुळ कशाचंही असू शकतं: बियाण्याचं, बँकेचं, दवाखान्याचं. हाच त्याचा मोठा गुण.) आजीचा बैल एकदम उतरवणं बरं दिसणार नाही, म्हणून उद्घाटनाच्या पडद्यावर तो हळूहळू विरघळून त्याचं वर्तुळ व्हावं, असं ठरलं. काम माझ्याकडे आलं. मी बदनापूरला घरूनच ही कामं करते, बाळ झोळीत असेपर्यंत.

"बैल पूर्ण दिसू दे बेटा," प्रेमबाई फोनवर म्हणाल्या. "एक डाव सगळ्यांनी बघू दे. मंग काय करायचं ते करा."

शास्त्र सोपं आहे. संगणक आकार ओळखतो तो बिंदूंनी. दोन्ही आकारांचे बिंदू सारखे हवेत, दोघांची सुरुवात एकाच बाजूने हवी, आणि फिरणंही एकाच दिशेने हवं. बैलाला शहाण्णव बिंदू होते. वर्तुळाला चार पुरतात. बाकीचे ब्याण्णव वर्तुळावर नुसते बसवावे लागतात. ते काही करत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पानही हलत नाही. (कुठल्याही कचेरीत एकदा जाऊन आलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.)

पहिल्या खेपेला बैलाचं तोंड त्याच्याच पोटातून आरपार गेलं.

"ताई, हा बैल न्हाई, जिलबी होऊन राह्यली," रजत म्हणाला.

बैल उजवीकडून फिरत होता, वर्तुळ डावीकडून. प्रेमबाईंनी ऐकलं आणि त्या हादरल्याच. "उलटी प्रदक्षिणा? आपल्या दुकानात?" वर्तुळ सुलट केलं. मग सुरुवात कुठून, हा प्रश्न आला. रजतने वास्तुवाल्याला विचारून ईशान्य कोपरा कळवला. ईशान्येला बैलाची शेपटी होती.

"गिऱ्हाईक शेपटीकडून येतं का रे?" प्रेमबाई कडाडल्या.

म्हणून बैलाचं तोंड फिरवलं. साठ वर्षं तो रस्त्याकडे बघत होता, आता गोदामाकडे बघू लागला.

मग शिंगांची टोकं मध्येच थरथरू लागली; ती घासून गोल केली. पायांमधल्या फटी आड येत होत्या, त्या बुजवल्या. गळ्यातली घंटा हा सुटा आकार, आणि वर्तुळाकडे तिच्यासाठी जोडीदार नव्हता. बिनजोडीचा आकार हवेत लटकतो, म्हणून ती उतरवली. दर वेळी मी रजतला विचारलं, दर वेळी "बिलकुल" असं उत्तर आलं, आणि दर वेळी हालचाल आधीपेक्षा सुबक झाली. (झोळी हलवणाऱ्या बाईला याची पारख असते. धक्का बसला की रडू.) शेवटी बैल असा तयार झाला, की वर्तुळ व्हायला त्याला फारसं काही करावंच लागलं नाही.

उद्घाटनाला मी बाळाला कडेवर घेऊन गेले. प्रेमबाई पहिल्या रांगेत, डोक्यावर जरीची ओढणी. उठू पाहणाऱ्या शेजारणीला त्यांनी हात धरून खाली बसवलं. "बसा हो. आता माझा बैल येऊन राह्यला."

पडदा उजळला. काहीतरी गोलसर आलं आणि लोण्यासारखं वर्तुळ झालं. टाळ्या पडल्या. काय सफाई आहे, लोक म्हणाले, कधी बदललं कळलंसुद्धा नाही.

प्रेमबाईंनी बाळाच्या गालावरून बोट फिरवलं आणि मला हळूच विचारलं, "चालू कधी होणार बेटा?"

मी बाळाची टोपी सारखी केली.

काम म्हणून त्यात दोष काढायला जागा नाही. तुम्हीच बघा ना. तोंड फिरवलं, शिंगं घासली, पाय बुजवले, घंटा उतरवली. तुम्ही दर वेळी गालात हसून पुढच्या ओळीवर आलात. कुठे अडखळला नाहीत. "थांबा" असं एकदाही म्हणाला नाहीत. इतके गुळगुळीत वाचक असले, की कशाचंही वर्तुळ करता येतं.