जास्वंदीची मिशी

बुटांचं पॉलिश संपलं होतं, एवढंच. शहाणा माणूस अशा वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. मी अंगणात गेलो.

त्या दिवशी माझी मुलाखत होती. आमच्या रंगाच्या कारखान्यात शेड निरीक्षकाची जागा रिकामी झाली होती. शेड निरीक्षक म्हणजे गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी आपला रंग जुळतो की नाही, हे नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस. मी जन्माचा कारकून. (पण ही जागा मला मिळालीच, असं बायकोनं दोन्हीकडच्या नातेवाइकांना कळवूनही टाकलं होतं.) नाही मिळाली, तर त्या सगळ्यांना तोंड मलाच दाखवायचं होतं.

अंगणात मेव्हण्यानं लावलेली जास्वंद होती. मेव्हणा कुठलीही वस्तू नुसती देत नाही, व्याख्यानासकट देतो.

"भाऊजी, या फुलानं बूट चमकतात, केस काळे होतात, कापड रंगतं. याच्या रसात कागद बुडवला तर आंबट कुठलं आणि अल्कधर्मी कुठलं तेही कळतं."

"आणि वास?"

"वास तेवढा नाही."

मी दोन फुलं चुरडून बुटांवर घासली आणि काय सांगू, बुटात माझा चेहरा दिसायला लागला. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या चेहऱ्यावरची मिशी पांढरी होती.

झाडावरची उरलेली सगळी फुलं तोडून मी बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली आणि पाकळ्यांचा लगदा मिशीला फासला. धुतल्यावर मिशी जरा तांबूस वाटली, म्हणून साबणानं खसाखसा घासली. आता आरशात पाहिलं तर काळीभोर. मी दहा वर्षांनी तरुण दिसत होतो. (निदान आठ.)

"अहो, झाडावरची फुलं कुठं गेली?" बाहेरून बायकोचा आवाज.

"वाऱ्यानं पडली असतील."

"मग खाली एकही कसं नाही?"

मी तोंडाला रुमाल लावला, उशीर झाल्याचं ओरडून सांगितलं आणि मागच्या दारानं सटकलो.

कारखान्याच्या फाटकावर रुमाल काढला. कधी मान वर न करणारा पहारेकरी चक्क उठून उभा राहिला. टायपिस्टबाईंनी तर तोंडाला पदर लावला. मिशीचा असा रुबाब पडतो हे आधी कळलं असतं, तर झाड कधीच बोडकं केलं असतं.

साहेब खिडकीपाशी रंगांच्या पट्ट्यांचं शेडकार्ड घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमच्या मिशीचा रंग कोणता?"

हा प्रश्न मला भलताच सोपा वाटला. "काळा, साहेब."

"कुठं पाहिलात?"

"बाथरूममध्ये."

"तिथला दिवा?"

"पिवळा," मी म्हणालो. पिवळ्या दिव्याखाली रंग बघायचा नाही, हा आमच्या कारखान्यातला पहिला नियम. तो भिंतीवर लिहिलेला आहे. लिहिणारा मीच होतो.

साहेबांनी शेडकार्ड माझ्या ओठांशी धरलं आणि एकेक पट्टी सरकवत नेली. "हिरवा. शेवाळ्याच्या जरा अलीकडचा."

टेबलावर उमेदवारांसाठी लिंबाचं सरबत ठेवलेलं होतं. मी ग्लास उचलला आणि घाईघाईत डाव्या मिशीसकट तोंडाला लावला.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "आता बघून सांगा, कोणता रंग आहे?"

आता बघणार कशात? आरसा नव्हता, आणि शब्द फिरवणं बरं दिसलं नसतं.

"काळाच, साहेब."

"डावीकडे गुलाबी झालाय."

त्यांनी केमिस्टला बोलावलं. केमिस्टनं माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं, गुलाबी बाजूला साबणाचं पाणी लावलं, ती हिरवी केली, मग लिंबू लावून पुन्हा गुलाबी केली. असं त्यानं चार वेळा केलं. मी मध्ये शिंकलो तर "नमुना हलवू नका" म्हणाला.

"हा हिरवा रंग गिऱ्हाईक महिनाभर मागतंय," साहेब हळूच म्हणाले. "आपल्याला जमत नव्हता."

मला आशा वाटली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, मग माझं?"

"नमुना मंजूर," साहेब म्हणाले. "तुमचं कठीण आहे."

केमिस्टनं कात्री काढली.

संध्याकाळी सफाचट तोंडानं घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. मी कारकूनच राहिलो, मिशी मात्र निरीक्षण विभागात काचेच्या बरणीत विराजमान झाली, हेही सांगितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती जरा धीराचं बोलेल, असं मला फार वाटत होतं.

तिनं फोन उचलला आणि आपल्या आईला कळवलं, "हो गं, मिळाली बढती. यांच्या मिशीला."