पळसाचं सरबत आणि संघाचे साहेब

सरबत कसं करावं, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. गुलाबाचं सरबत शहरातल्यांनी करावं. आमच्या नेकनूरच्या बाजूला पळस फुलतो आणि त्याच्या फुलांचं सरबत पोटाला थंडगार! असं मी तेव्हा गावभर सांगत फिरत असे.

दोन हजार तेराचा दुष्काळ होता. मी गावच्या दूध संस्थेचा चिटणीस. टँकर यायचा तो माणसांपुरताच. म्हशी कोरड्या हौदापाशी उभ्या राहायच्या. तालुक्याच्या दूध संघाचे संचालक सुंदरराव पाहणीला येणार होते. त्यांनी मनावर घेतलं, तर जनावरांसाठी वेगळा टँकर मिळणार होता. नाहीतर पुढच्या बाजारात अर्ध्या म्हशी विकाव्या लागणार होत्या.

"असं सरबत पाजतो, की साहेबांच्या तोंडून 'नाही' निघणारच नाही," मी बायकोला म्हणालो.

"तुमी आपला चहा पाजा," सत्यभामा म्हणाली.

मी कशाला ऐकतोय? फुलं आणली, देठं खुडली, दोन दिवस वाचवलेल्या पाण्यात उकळली. दोन किलो साखर घालून दाट केशरी पाक केला. एवढं मोठं पातेलं घरात नव्हतं, म्हणून पितळी घंगाळात ओतून अंगणात निवत ठेवला.

आता चूक सांगतो. साहेब येणार त्याच दिवशी रंगपंचमी होती. पाण्याअभावी गावाने रंग बंद ठेवला होता, म्हणून माझ्या ध्यानातच नव्हती. पण आमच्याकडे रंगपंचमीचा रंग करतात तो पळसाच्याच फुलांचा, आणि ठेवतात तोही घंगाळातच.

साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत अंगणात आले. मी लिंबं आणायला आत वळलो. ओट्यावर शेजारची केसरबाई बसली होती. म्हातारीचं सगळं घर एका म्हशीवर चालायचं. तिनं घंगाळ बघितलं, तांब्या बुडवला आणि साहेबांच्या डोक्यावर रिकामा केला. एकदा नाही, तीनदा!

मी धावत आलो, तर पाक टोपीवरून सावकाश मिशीत उतरत होता.

"काकू, हे काय केलंत?"

"आरं, सणाला आलेला पाव्हणा कोरडा कसा धाडायचा? रंग लई झ्याक हाय. जरा चिकट झालाय तुजा."

माश्या जमल्या. साहेबांना धुवायचं कशानं? आमच्या घरातलं सगळं पाणी साहेबांच्याच अंगावर होतं.

केसरबाईला ते सरबत होतं हे कळलं, तशी ती पाणी मागत घरोघर फिरली. बाया येऊन बादलीत पाणी ओतू लागल्या. कुणी तांब्याभर, कुणी अर्धाच. शेवटी केसरबाईनं म्हशीसाठी ठेवलेली कळशी आणली. त्या बायांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

साहेब बादलीकडे बघत राहिले. मग ओंजळभर पाण्यानं फक्त डोळे धुतले.

"बाकीचं म्हशीला पाजा, मावशी," ते म्हणाले. "परवापासून टँकर येईल."

मी हात जोडले. गाडीत बसताना साहेबांनी मिशीवरून जीभ फिरवली.

"चिटणीस, साखर लई टाकलीत."

तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्याला चहाच मिळतो. तोही सत्यभामा करते.